दुचाकीवरचा टॅबलेट वाट का चुकतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर ताम्हिणी, वरंधा, आंबोली, गगनबावडा या वाटांवर मोटरसायकलींची रीघ लागते. अलीकडे फोनऐवजी सात-आठ इंची टॅबलेट हँडलवर लावून रस्ता पाहणारे बरेच दिसतात. कल्पना चांगली आहे. मोठ्या पडद्यावर पुढचे वळण एका नजरेत कळते आणि फोन कोरडा, चार्ज झालेला, खिशात राहतो. पण घाटात नेटवर्क गेले की नकाशावरचा बाण जागच्या जागी गोठतो आणि लोक म्हणतात, 'इथे जीपीएस लागत नाही.' उपग्रहांचे संकेत घाटातही येतात. चूक बहुतेक वेळा टॅबलेटच्या निवडीत, वायरीत, उन्हात किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असते. हे सगळे घरी बसून दुरुस्त करता येते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक दुकानातच होते. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते, ती सिमकार्डवाल्या मॉडेलमध्येच असते. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये सरसकट नियम नाही. काही वाय-फाय मॉडेलमध्ये चिप असते, काहींत नसते. खोक्यावर 'लोकेशन' असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. तपशिलात 'जीपीएस', 'ए-जीपीएस', 'ग्लोनास' किंवा 'जीएनएसएस' हे शब्द स्पष्ट सापडले पाहिजेत. चिप नसलेला टॅबलेट शहरात ठिकाण बरोबर दाखवतो, कारण तो आजूबाजूचे वाय-फाय राउटर ओळखून अंदाज बांधतो. ताम्हिणीच्या जंगलात राउटर कुठून येणार? फोनचा हॉटस्पॉट दिला म्हणजे जीपीएसही मिळाले, हा दुसरा सार्वत्रिक गैरसमज. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटमधून फक्त इंटरनेट येते, फोनच्या चिपने काढलेले अक्षांश-रेखांश येत नाहीत. तपासणी सोपी आहे. टॅबलेटवर वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करा, गच्चीवर जा, उपग्रहांची यादी दाखवणारे एखादे ॲप उघडा आणि पाच मिनिटे थांबा. एकही उपग्रह दिसला नाही, तर त्या टॅबलेटला बाहेरचा रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडणारे वेगळे छोटे उपकरण, लागणार.

बाहेरचा रिसीव्हर दोन प्रकारचा मिळतो, ब्लूटूथचा आणि यूएसबीचा. यू-ब्लॉक्स ७ किंवा ८ ही चिप असलेला अंगठ्याएवढा यूएसबी रिसीव्हर स्वस्त पडतो. पण टॅबलेटला ओटीजी (पोर्टला दुसरे यूएसबी उपकरण जोडण्याची सोय) चालायला हवे आणि एकच पोर्ट असल्यामुळे रिसीव्हर लावला की चार्जिंग अडते. त्यासाठी चार्जिंग आत घेणारा हब लागतो, म्हणजे थरथरत्या हँडलवर आणखी एक सैल होणारा जोड. मोटरसायकलसाठी ब्लूटूथच बरा. आयपॅड असेल तर मात्र इथे फार जपून. कोणताही स्वस्त ब्लूटूथ जीपीएस आयपॅडला चालत नाही, ॲपलची मान्यता असलेलाच लागतो. गार्मिनचा ग्लो २ आणि बॅड एल्फ, ड्युअल या कंपन्यांचे रिसीव्हर त्यात मोडतात. ते एकदा जोडले की आयपॅड स्वतःच त्यांचे स्थान वापरू लागतो, वेगळे ॲप लागत नाही. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ रिसीव्हर पुरतो, पण रिसीव्हरचे स्थान टॅबलेटला पुरवणारे, मधे दुवा साधणारे एक ॲप लागते. घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर तोही रिसीव्हर म्हणून वापरता येतो. आपले स्थान ब्लूटूथवरून दुसऱ्या उपकरणाला देणारी ॲप आहेत, खर्च शून्य.

अँड्रॉइडची जोडणी अशी. रिसीव्हर सुरू करून ब्लूटूथच्या यादीत जोडून घ्या. पिन विचारली तर बहुधा ०००० किंवा १२३४ असते. सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट'खाली 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तिथे 'सिलेक्ट मॉक लोकेशन ॲप' (बाहेरून स्थान पुरवणारे ॲप) या ओळीत दुवा साधणारे ॲप निवडा. त्या ॲपमध्ये रिसीव्हर निवडून सुरू केले की नकाशाचे प्रत्येक ॲप रिसीव्हरचेच स्थान घेते. ॲपला स्थानाची परवानगी देताना 'प्रिसाइज' निवडायला विसरू नका. 'अप्रॉक्सिमेट' राहिले तर ठिपका एक-दोन किलोमीटर इकडे-तिकडे उड्या मारतो. 'गूगल लोकेशन ॲक्युरसी' आणि वाय-फाय स्कॅनिंगही बंद ठेवा. नाहीतर गावातून जाताना राउटरचा अंदाज आणि रिसीव्हरचे मोजमाप यांची ओढाताण होऊन बाण मागे-पुढे सरकतो.

सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा याच्या पुढची आहे. घरासमोर सगळे नीट चालते आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाण गोठतो. रिसीव्हरचा दिवा लुकलुकत असतो, ब्लूटूथही जोडलेले असते. झालेले एवढेच असते की बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइडने मागे चाललेले दुव्याचे ॲप बंद करून टाकलेले असते. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, टॅबलेटचा 'पॉवर सेव्हिंग' मोड बंद करा आणि 'रिसेंट'च्या यादीत ॲपवर कुलूप लावण्याची सोय असेल तर तेही लावा. मग अर्धा तास चालवून पाहा. हे सगळे पैशांचे व्यवहार करणाऱ्या फोनवर करू नये. डेव्हलपर ऑप्शन्स किंवा मॉक लोकेशन सुरू दिसले की काही बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात. नकाशासाठी वेगळा टॅबलेट ठेवण्याचा हाही एक फायदा.

रिसीव्हर सुरू केल्याबरोबर निघण्याची घाई नडते, त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जीपीएसचा उपग्रह आपली कक्षा सांगणारी माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. इंटरनेट असेल तर फोन ही माहिती नेटवरून घेतो, म्हणून तो झटपट ठिकाण दाखवतो. बाहेरच्या रिसीव्हरला ती आकाशातूनच ऐकावी लागते. मधे झाड, पूल, इमारत आली आणि संकेत क्षणभर तुटला की त्या उपग्रहाकडून ती माहिती पुन्हा येण्याची वाट पाहणे आले. त्यामुळे एका जागी, मोकळ्या आकाशाखाली हे काम अर्ध्या-एक मिनिटात होते आणि गल्लीबोळातून गाडी चालवत असताना पाच मिनिटेही लागतात. हेल्मेट-हातमोजे घालण्याआधी रिसीव्हर सुरू करावा, तेवढ्यात तो तयार होतो. चहाला थांबल्यावर तो बंद न करणे उत्तम. बंद केलाच, तर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केला तरी मिळवलेली माहिती अजून ताजी असते आणि ठिकाण काही सेकंदांत सापडते.

रिसीव्हर ठेवायचा कुठे? बहुतेक जण टँकबॅगमध्ये टाकतात. ती जागा दिसते तेवढी चांगली नाही, कारण पुढे झुकलेल्या चालकाची छाती आणि हेल्मेट मागचे निम्मे आकाश झाकतात आणि माणसाच्या शरीरातले पाणी हे संकेत शोषून घेते. मागच्या कॅरिअरवर, टेल बॅगच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, पण पिलियन बसणार असेल तर पुढे विंडशील्डच्या आतल्या बाजूला. प्लॅस्टिक, कापड, फोम, सीटचे रेक्झिन यांतून संकेत सहज जातात, धातूच्या पेटीतून जात नाहीत. आत बहुधा २५ मिलिमीटरची चौकोनी सिरॅमिक अँटेना असते, तिचे तोंड वर हवे. रिसीव्हर आडवा, पालथा पडला की उपग्रह दिसतात पण संकेत कमजोर होतात. खाली तळहाताएवढा पत्रा ठेवला तर उलट फायदाच होतो. आणखी एक गोष्ट. स्वस्त एलईडी हेडलाइटचे ड्रायव्हर (वीज नियंत्रित करणारे सर्किट) आणि स्वस्त यूएसबी चार्जर रेडिओ गोंगाट करतात. लाइट लावला की उपग्रहांची संख्या घटते का, ते एकदा उभ्या गाडीवर पाहावे. घटत असेल तर रिसीव्हर त्यांच्यापासून निदान फूटभर लांब न्यावा.

विकत घेताना रिसीव्हर 'सेकंदाला १० वेळा' स्थान नोंदवतो असे वाचून लोक भारावतात. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, तेव्हा सेकंदाला एक नोंदही रस्ता पाहायला पुरते. घाटातल्या नागमोडी वळणावर, ताशी २० च्या वेगात, हे अंतर साडेपाच मीटर उरते. दहा नोंदींचा रिसीव्हर असेल तर एक खोट टाळायची असते. जुन्या प्रकारचा दुवा ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग) असेल, तर त्यातून सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे जातात. स्थानाची एक नोंद, म्हणजे रिसीव्हर पाठवतो त्या आरएमसी आणि जीजीए नावाच्या मजकुराच्या दोन ओळी, दीडशे अक्षरांच्या आसपास. दहा नोंदींची दीड हजार. मग रांग साचत जाते आणि बाण काही सेकंद मागून चालतो. वळण गेल्यावर 'वळा' अशी सूचना येते ती अशी. बॉड ३८४०० किंवा ११५२०० करा, नाहीतर नोंदी सेकंदाला एक-दोनवर आणा.

अचूकतेबद्दलही थोडे. मोकळ्या आकाशाखाली चांगला रिसीव्हर तीन-पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. सर्व्हिस रोड की उड्डाणपूल, एवढा फरक त्याला सांगता येत नाही. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात, तशा फाट्यावर वेग कमी करून पाटी वाचावीच. रिसीव्हरमध्ये 'एसबीएएस'ची (उपग्रहामार्फत अचूकतेच्या दुरुस्त्या घेण्याची) सोय असेल तर सुरू ठेवा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेली 'गगन' यंत्रणा त्यातून फुकट दुरुस्त्या पुरवते. उपग्रहांच्या यादीत १२७, १२८ किंवा काही ॲपमध्ये ४०, ४१ हे आकडे दिसले की समजावे, गगन मिळते आहे. 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रह यंत्रणेचे नाव जाहिरातीत असेल तर रिसीव्हर एल५ ही वारंवारता घेतो का, ते विचारावे. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल१ या जीपीएसच्या नेहमीच्या वारंवारतेवर बोलत नाहीत. एल१ असलेला पहिला नाविक उपग्रह एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये गेला.

आता वीज. माझ्या मते सगळ्या घोटाळ्यांचे माहेरघर हेच आहे.

आठ इंची टॅबलेटमध्ये साधारण ५००० मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे १९ वॉट-अवरची बॅटरी असते. पूर्ण उजेड ठेवून नकाशा चालवला तर पाच-सहा वॉट जातात. तीन-साडेतीन तासांत टॅबलेट मान टाकतो. म्हणून चार्जर हवा आणि तो ५ व्होल्टला निदान २ अँपिअर देणारा हवा. गाड्यांवर कंपनीने दिलेली किंवा बाजारात मिळणारी कित्येक सॉकेट अर्धा-एक अँपिअरवर दम तोडतात. चार्जिंगची खूण दिसत राहते आणि टक्के खाली जात राहतात.

सॉकेट चांगले असूनही असे होत असेल तर केबल हातात घेऊन तिच्या कवचावर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. '२८एडब्ल्यूजी' (तारेच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तितकी तार बारीक) एवढेच असेल तर वीज नेणारी तार केसासारखी बारीक आहे. एक मीटरच्या अशा केबलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर तारेचा रोध ०.४३ ओहम होतो. २ अँपिअरला त्यातच ०.८५ व्होल्ट गळतात आणि टॅबलेटपर्यंत ४.१५ व्होल्ट पोहोचतात. टॅबलेट मग ओढ कमी करतो. '२८/२४' असे छापले असेल, तर विजेची तार २४ क्रमांकाची आहे. तिथे गळती ०.३४ व्होल्टवर येते. अर्धा मीटरची केबल घेतली तर आणखी निम्मी. हँडलवर एक मीटर केबल लागतच नाही.

सॉकेट थेट बॅटरीला जोडणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. व्होल्टमीटरचा दिवा असलेले सॉकेट गाडी बंद असतानाही १५-२० मिलिअँपिअर ओढते. १५ धरले तरी दिवसाला ०.३६ अँपिअर-अवर. पाच अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्यात निम्मी होते आणि पंधरवड्याने गाडीचे स्टार्टर नुसते 'टक टक' करते. बरोबर पद्धत अशी: बॅटरीच्या धन टोकाला, अगदी जवळ, ५ अँपिअरचा इनलाइन फ्यूज. तिथून रिलेच्या (इग्निशनबरोबर आपोआप चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पायाला. ८७ वरून सॉकेटला. ८६ ला इग्निशननंतर चालू होणारी एखादी वायर, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची, आणि ८५ अर्थिंगला. सॉकेटचे ऋण टोक बॅटरीच्या ऋण टोकालाच न्यावे, गंजलेल्या चेसिसच्या बोल्टला नको. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळणे पहिल्या पावसापुरते टिकते. क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) लग आणि हिट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) वापरावे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम पेटलेला असतो, त्यामुळे लहान गाडीच्या विजेत फार शिल्लक नसते. सगळे जोडल्यावर मल्टिमीटर लावा. इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या वर जात नसेल तर आधी गाडीचे चार्जिंग तपासून घ्या.

टॅबलेटचे पोर्ट हा सगळ्यात नाजूक अवयव. केबल लोंबकळत ठेवली की थडथड थेट पोर्टवर येते आणि काही महिन्यांत ते ढिले पडते. केबल टॅबलेटच्या कव्हरला झिप टायने बांधा, पोर्टजवळ थोडी सैल ठेवा आणि खाली एक वेटोळे सोडा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळून तिथे टपकेल. टॅबलेट धरणारा माउंट धातूच्या गोळ्याचा असेल तर एक इंची गोळा फोनला पुरतो. पाव किलोच्या वरच्या टॅबलेटला दीड इंचीच घ्या आणि सुरक्षेसाठी वेगळी दोरी बांधा. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून क्लच-ब्रेकच्या केबली अडकत नाहीत, टॅबलेट टाकीला आपटत नाही आणि मीटर झाकले जात नाही, हे पाहावे. दहा इंची टॅबलेट हँडलवर लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबाबत दिला होता. बहुतेक टॅबलेटच्या कॅमेऱ्यात ती यंत्रणा नसते, तेव्हा महागडा फोन खिशातच बरा.

उन्हाचे गणित साधे आणि निष्ठुर आहे. आयपॅड वापरायची कमाल मर्यादा ॲपल ३५ अंश सांगते. विदर्भ-मराठवाड्यात मार्च उजाडला की आपण त्याच्या पुढे असतो. वरून पडद्याचा पूर्ण उजेड, चार्जिंगची उष्णता आणि पारदर्शक पाउच. पाउच म्हणजे टॅबलेटसाठी काचघरच. भर दुपारी चार्जिंग काढून टाका, पाउच काढा, पाठीमागून वारा खेळू द्या आणि सकाळच्या गारव्यात चार्ज करून घ्या. गॉगल पोलराइज्ड असेल तर पडदा काळा दिसू शकतो, टॅबलेट उभ्याचा आडवा करून पाहा. पावसात उलट अडचण. थेंब पडद्यावर बोटासारखे काम करतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. पडद्याचा स्पर्श बंद करणारे कुलूप लावा आणि सूचना हेल्मेटमधल्या हेडसेटवर ऐका. २०२० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमही गाडी चालवताना हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यापुरते आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरू देतात. पत्ता टाइप करायचा तो गाडी बाजूला घेऊनच.

नकाशा आधीच उतरवून घ्यावा, हे बहुतेकांना माहीत असते. पण गूगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा मोटारीचा रस्ता सांगतो. नेट नसताना दुचाकीचा पर्याय तिथे नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदी आहे आणि मोटारीचा रस्ता नेमका तिथे नेतो. ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा स्वतंत्र उतरवता येतो आणि मोटरसायकलचे प्रोफाइल सुरू करता येते. त्यात द्रुतगती मार्ग टाळण्याचा पर्याय निवडावा. पावसाळ्यात दरड पडून बंद झालेला घाट मात्र उतरवलेल्या नकाशाला कळत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहावी.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत ठिकाणांची सुंदर वर्णने येतात, पण 'वडगावहून डावीकडे' एवढेच लिहिलेले असते. वडगाव मावळ, वडगाव शेरी, पेठ वडगाव, वडगाव बुद्रुक यांतले कोणते? कृपया प्रत्येक ठिकाणासोबत अक्षांश-रेखांश छापावेत आणि ते दशांश अंशांतच छापावेत, दशांश चिन्हानंतर किमान चार आकडे. १८ अंश २४ मिनिटे ३६ सेकंद म्हणजे १८.४१०० अंश. ते १८.२४३६ असे टाइप केले तर माणूस साडेअठरा किलोमीटर दक्षिणेला पोहोचतो. रिसीव्हर स्वतः हीच जागा '१८२४.६०००' अशी लिहितो, म्हणजे १८ अंश आणि २४.६ मिनिटे. या तीन पद्धतींचा घोळ छापील मजकुरातच मिटला, तर वाचकाला ते आकडे जसेच्या तसे टॅबलेटमध्ये भरता येतील.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक,
कराड